तांबी कुणी बसवली

६ जानेवारी, सोमवार

माझ्या पोटात तांबी आहे. मला माहीत नसलेली.

महिनाभर अंगावरून जास्त जातंय म्हणून आज जळगावातल्याच एका नव्या डॉक्टरबाईंकडे गेले होते. सोनोग्राफी करताना त्या म्हणाल्या, "तांबी कधी बसवली होती?" मी म्हटलं, बसवलीच नाही. उलट चार वर्षं दुसरं मूल व्हावं म्हणून औषधं घेतेय. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एक पांढरी रेघ, वर आडवी दांडी. "बाळंतपणातच बसवलेली दिसते. दोरा आत गेलाय. काढून देऊ?"

थांबा म्हटलं. आधी कुणी बसवली ते कळू दे.

७ जानेवारी

ललितला सांगितलं नाही. सासूबाई रोज ऐकवतात, "हिची कूस वाळली." भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जाईल असं. त्यांनी आणलेले काढे प्यायले, मुळ्या उगाळून घेतल्या, चाळीस दिवस अळणी जेवले. आधीच्या डॉक्टरांनी न तपासता नुसत्या गोळ्या लिहून दिल्या, त्याही गिळल्या. ललित एकदाही बरोबर आला नाही. "होईल तेव्हा होईल," म्हणायचा. मला वाटायचं, किती समजूतदार नवरा!

आता वाटतं — त्याला माहीत असेल, म्हणूनच घाई नव्हती.

९ जानेवारी

तो चटईच्या कारखान्यात गेल्यावर कपाट उपसलं. लेकीचं, गार्गीचं लसीचं कार्ड सापडलं. माझ्या बाळंतपणाचा एकही कागद नाही. संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं. "तुझ्या माहेरी असतील. कशाला हवेत?" मोबाईलमधून मान वर न करता.

कशाला हवेत, हे त्याने का विचारावं?

१२ जानेवारी

आईला फोन केला. सगळं सांगितलं, ललितचा संशय येतो तेही. ती म्हणाली, "जवाई भला माणूस शे. त्याले काही बोलू नको."

लेकीच्या पोटात काय सापडलं ते ऐकून हिला जावयाचीच काळजी!

१५ जानेवारी

पोट दुखतंय. भाजी निवडताना सासूबाई विचारतात, काय झालं. काही नाही म्हणते. घरात कुणाकुणाला माहीत आहे, कुणास ठाऊक. प्रत्येकाचं तोंड बघत बसते.

२१ जानेवारी

आज विचारलंच. सरळ. "माझ्या पोटात तांबी बसवायला तू सही दिलीस का?"

ललितला आधी कळलंच नाही. मग खाली बसला. "मी गार्गीच्या वेळी रक्ताच्या बाटल्यांसाठी पळत होतो, रूपा. मला काहीच माहीत नाही." मग म्हणाला, "आई तुला बोलायची तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं. पडलो नाही. तेवढी चूक माझी."

खोटं बोलताना तो पाय हलवतो. आज हलवत नव्हता. तरी विश्वास बसला नाही.

२३ जानेवारी

बसने एकटी धुळ्याला गेले. गार्गी जिथे झाली त्या दवाखान्यात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जुनं रजिस्टर दाखवता येत नाही. मी म्हटलं, शरीर माझं आहे, मग कागद कुणाचा? मागून एक वयस्कर नर्स आल्या, माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टर काढलं.

माझं नाव. तारीख. तांबी बसवली. संमतीच्या रकान्यात माझी सही नाही. ललितचीही नाही. अंगठा आहे. नर्सबाईंनी पुढचा रकाना वाचून दाखवला. नातं — आई.

तिथूनच माहेरची, पिंपळनेरची बस धरली.

२४ जानेवारी, माहेरी

आईने काही लपवलं नाही. रक्त थांबत नव्हतं, तू शुद्धीत नव्हतीस, म्हणाली. पुन्हा लवकर दिवस गेले तर ही वाचायची नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तिने अंगठा दिला. मी म्हटलं, शुद्धीवर आल्यावर तरी सांगायचंस. चार वर्षं काढे पितेय मी, शिव्या खातेय.

"तुले सांगं असतं, तं तू काढी टाकती."

हो. काढली असती. मग कदाचित आज नसतेही.

तरी तिने वाढलेलं ताट मी बाजूला सरकवलं.