चिंधी पांढरी निघेपर्यंत

३ ऑक्टोबर

एक्केचाळीस चिंध्या! एक्केचाळिसावी पांढरी निघाली, तेव्हाच उठू दिलं कार्टीला. म्हणे, "बाबा, आज वीसच गोळ्या झाडल्या होत्या." मग? कमी जेवलीस म्हणून दात घासायचे सोडतेस का?

रायफलीच्या नळीच्या तोंडातून गज आत, बाहेर, चिंधी बदल, पुन्हा आत. नेमबाजीच्या गुरुजींनी मला असंच शिकवलं, पोटऱ्यांवर छड्या मारून. मी छडी वापरत नाही. माझी जीभ पुरते.

७ ऑक्टोबर

आज रेंजवर पाच गोळ्या, पाच भोकं, पाच दिशांना. गेल्या वर्षी हिची पाचही भोकं कोटाच्या बटणाखाली झाकली जायची. आता बशी लागते! वर तोंड करून सांगते — "बाबा, मी हलले नाही. खरंच. गोळी नीट सुटते आणि भलतीकडेच जाते." नाचता येईना, अंगण वाकडं! सगळ्यांदेखत म्हणालो, "रायफलीला बोल लावू नकोस, ती तुझ्यापेक्षा जास्त आंघोळी करते." सगळे हसले. तीही हसली. निर्लज्ज.

८ ऑक्टोबर

संघाची निवड २६ तारखेला. सहा पोरींतून दोघी घेणार. या खेपेला हुकली तर कायमची हुकली, पुढच्या वर्षी वयात बसत नाही. आरशावर तारीख चिकटवलीय तिनं. तारीख चिकटवून नेम लागत असता तर काय!

१२ ऑक्टोबर

कानस आला होता रेंजवर. बंदुका दुरुस्त करतो, कानस हातातून सुटत नाही, म्हणून हे नाव. न विचारता अक्कल पाजळली — "रोज कशाला घासायला लावतोस रे तिला? पाच-सातशे गोळ्यांनी एकदा पुसली तरी भागतं. या नळ्या गोळ्यांनी मरत नाहीत, गजानं मरतात." म्हटलं, आळशी माणसाला तत्त्वज्ञान बरं सुचतं!

पण पोरीनं ऐकलं. घरी येऊन हळूच — "बाबा, आठवडाभर न घासता बघू या का?" साठ चिंध्या करायला लावल्या. आता पुन्हा विचारणार नाही.

१५ ऑक्टोबर

हिची आई मध्ये पडली. "पोरीच्या तळहाताला फोड आलेत, जरा दमानं घ्या." मी का दमानं घेऊ? माझ्यावर कुणी दया केली? ही जन्मली आणि सहा महिने रडत होती. माझी झोप गेली, झोपेबरोबर नेम गेला. दोन वर्षांत संघातून बाहेर! मीसुद्धा तेव्हा हलत नव्हतो, पण डोळाच तारवटलेला, तो काय करणार? सगळं पुन्हा ऐकवलं बायकोला.

पोरगी दारात उभी होती. ऐकलं असेल. तिला काही नवीन नाही ते, वीस वर्षं ऐकतेय.

१६ ऑक्टोबर

ऐंशी चिंध्या. आपणहून! शहाणी होतेय.

१९ ऑक्टोबर

भोकं आणखी पांगली. आज रडली, पण आवाज न करता. उद्या तिच्या नकळत रायफल कानसकडे नेतो. नळीत काही खोट नाही हे त्याच्याच तोंडून वदवून घेतो, म्हणजे दोघांचीही तोंडं बंद.

२० ऑक्टोबर

कानसनं भिंग लावलं. नळीचं तोंड फिरवून फिरवून पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"बघ. नळीच्या तोंडाची कड एका अंगानं खाल्ली गेलीय. गज घासून घासून. गोळी शेवटची तिथूनच सुटते. तीच कड वाकडी, तर कुणाचाही हात लावलास तरी नेम लागायचा नाही."

दिसलं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"तोंडातून का घालता गज? मागून का नाही?" म्हटलं, आमचे गुरुजी तोंडातूनच घालायचे. हसायला लागला — "अरे देवा! त्यांच्या जुन्या रायफली मागून उघडतच नव्हत्या! ही उघडते ना?" मग हसायचा थांबला. "तूही तुझी अशीच घासायचास का रे? रोज?"

रोज घासायचो. पन्नास चिंध्या. म्हणजे मी हललो नव्हतो. म्हणजे झोप नाही, डोळा नाही, ते तान्हं पोरही नाही. वीस वर्षं!

कानस म्हणाला, "ठेवून जा. उद्या संध्याकाळपर्यंत तोंड तासून नवी कड काढून देतो, निवडीला सोन्यासारखी चालेल. आणि पोरीला आधी सांग, तिचा काही दोष नाही म्हणून."

सांग म्हणे! कुणी? मी? तिच्यासमोर बसून? आणि मग ती विचारणार, "बाबा, तुमचीही नळीच का?" आणि तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहणार. नाही. मरण परवडलं.

"बघतो," म्हटलं आणि रायफल उचलून घरी आणली.

२१ ऑक्टोबर

सकाळी पोरीनं विचारलं, "बाबा, काल रायफल कुठे नेली होतीत?" म्हटलं, कानसकडे. नळी उत्तम आहे म्हणाला. खोट हातात आहे.

मान खाली घालून आत गेली. गज आणि चिंध्यांचा डबा घेऊन बाहेर आली, माझ्या पायाशी बसली. "बाबा, मग निवडीपर्यंत सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा घासू का?"

म्हटलं, हो. दोन्ही वेळा.