शंभर टक्क्यांचं मानपत्र

गोंदिया
२७ जून २०२५

आदरणीय चंद्रकुमार सर,

नमस्कार. चार वर्षांत तुमच्या एकाही फोनला, दिवाळीच्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. बदली, मुलीची बारावी, सासूबाईंचं दुखणं अशी कारणं लिहिता येतील. ती खरी आहेत, पण गप्प राहण्याची कारणं ती नव्हेत. परवाचा फोन उचलला तो नंबर नवा होता म्हणून.

तुमच्या मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून बरं वाटलं.

सोमवारी तुम्ही निवृत्त होताय. परवा म्हणालात, "सिस्टर, मानपत्र तुम्हीच लिवा अन् तुम्हीच वाचा. आपल्या स्टाफात बी.ए. मराठी दुसरं कोन आहे? अन् तो लसीच्या शंभर टक्क्यावाला मुद्दा जरा जमके येऊ द्या." मी "हो सर" म्हटलं. मानपत्र लिहून झालंय. शंभर टक्क्यांचा मुद्दा आलाय. सोमवारपर्यंतचे तीन दिवस तुम्ही तो मनात घेऊन जेवावं, झोपावं, पाहुण्यांना हसून या-बसा करावं, म्हणून आजच कळवते.

काय लिहिलंय ते सांगते.

फेब्रुवारी २०२१. लस नवी होती आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. गावाला "घ्या" म्हणून सांगायला निघालेले आपणच घाबरलेले होतो. आपल्या आरोग्य केंद्राच्या यादीत चौसष्ट नावं, त्यातल्या अकरा जणांना नको होती. कुणी म्हणे लकवा मारतो, कुणी म्हणे मूल होत नाही. तुम्ही स्वतः पहिल्याच दिवशी घेतली, खरी, फोटो काढून. त्या अकरा जणांना मात्र समजवायला तुम्ही पाच मिनिटंही बसला नाहीत. तुम्हाला माणसं नको होती, आकडा हवा होता. औषधांच्या खोलीत एकेकाला बोलावून म्हणालात, "घ्याची नाही? मंग कायले घाबरून राहिले? नाव चढवून टाकतो. मेसेज येईन, सर्टिफिकेट येईन. कोनाले सांगाचं नाही." त्यांचे डोस कापसावर सोडून बादलीत गेले. त्यातली एक, आशा सेविका सुशीलाबाई, भीतीने त्या दिवशी आलीच नव्हती. तिचं नाव तुम्ही न विचारताच चढवलंत.

दोन दिवसांनी ती आली. वय एक्कावन्न, शुगर, पायी चार किलोमीटर.

"लय इचार केला सर. लोकायच्या घरी जातो मी, पयले मले पायजे. टोचा."

"तुझी झाली ना बाई. कम्प्युटर दोनदा घेत नाही."

तिने पदरातून मोबाईल काढला. "हा म्हन्ते झाली. हात म्हन्ते नाही झाली. म्या कोनाचं आयकू?"

सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत जास्त. "दुसऱ्या डोजले ये, तवा खरी देतो," म्हणालात. टेबलावर फोडलेली बाटली होती, तिच्यात डोस उरलेले होते.

दुसऱ्या डोसची तारीख येण्याआधीच, एप्रिलच्या लाटेत गोंदियाला नेताना ती वाटेतच गेली. लस मिळाली असती तर वाचली असती, असं मी लिहिलेलं नाही. ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण पुढचं दोघांनाही माहीत आहे. कागदावर ती लस घेऊन मेली. तिच्या गावात एकच बोलणं सुरू झालं: आशाबाईनं सुई घेतली अन् मेली. जिच्या शब्दावर गावाने लस घ्यायची, तिच्याच नावाने गावाने लसीची गाडी परत पाठवली. त्या पावसाळ्यापर्यंत तिथे आणखी चार माणसं गेली.

तिचा नवरा सुखरामजी केंद्रावर आला होता, आठवतं? "माह्या बायकोले सुई लागलीच नोती, साहेब. एवढं लिवून द्या. लोक मले म्हन्तेत, तूच तिले पाठोलं." तुम्ही त्याला चहा पाजलात आणि म्हणालात, "दुखात माणूस काही बी बोलते." पुढच्या प्रजासत्ताक दिनी शंभर टक्के लसीकरणाच्या प्रशस्तिपत्राची फ्रेम घेतलीत.

एवढं सगळं मी तारखांसह लिहिलंय. कार्यक्रमातून माझं नाव कापलंत तर साठ झेरॉक्स तयार आहेत, दारात उभी राहून वाटेन.

आता स्वतःला विचारते, मला न्याय हवाय की तुमचा चेहरा पाहायचाय? चेहरा पाहायचाय, सर. माईकवर ते वाक्य येईल तेव्हा, मॅडम शेजारी बसलेल्या असताना. चार वर्षं त्याच क्षणाची मी वाट पाहिली आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

लाज दुसऱ्या गोष्टीची वाटते. अकरापैकी नऊ नावं मानपत्रात नाहीत. घाबरण्याबद्दल मी कुणाला फासावर देणार नाही. दहावं सुशीलाबाईचं आहे. अकरावं माझं.

लस टोचणारी मी आणि माझ्याच दंडावर लस नव्हती. भीती, दुसरं काही नाही. सुशीलाबाईने मोबाईल दाखवला तेव्हा सिरिंज माझ्या हातात होती. मी "सर, हिची नोंद खोटी आहे" म्हटलं असतं तर तुम्ही माझी खोटी नोंदही बाहेर काढली असती. तुम्ही हसता हसता माझ्याकडे पाहिलंत. तेवढंच. मी मान खाली घातली. सुखरामजीने त्या दिवशी मलाही विचारलं होतं, "बाई, तुमी तं होता." मी रजिस्टर चाळत राहिले. सुशीलाबाई लस न घेता परत गेली त्या दिवसाच्या डायरीत माझी एकच ओळ आहे: 'सत्र शांततेत पार पडलं.' पुढे मी दुसरा डोस म्हणून घेतला, तो माझा पहिला होता.

माझी नोकरी राहील न राहील. तुमच्याबरोबर बुडायला माझी हरकत नाही.

एक बेत मात्र आज रद्द केला. सुखरामजींना पहिल्या रांगेत बसवून ते ऐकवायचं ठरवलं होतं. पण तसं केलं तर त्यांचंही मी तेच करेन जे तुम्ही सुशीलाबाईचं केलंत, न विचारता वापरून घेईन. त्यांना ते आधी, त्यांच्या दारात, माझ्या तोंडून कळायला हवं. त्यांनी मला हाकलावं, काहीही करावं. ते आता केशोरीला मुलीकडे, गुंजनकडे राहतात.

सोमवारी भेटूच.

तुमच्या शंभर टक्क्यांतली एक,
अल्का

ता. क. माझं उद्याचं काम: पहिल्या गाडीने केशोरी, 'सुशीलाबाईला सुई लागली नव्हती, मी तिथे होते' हा कागद सही करून सुखरामजींच्या हातात देणे.