ड्रम्स : नाव माहीत नाही

प्रिय अबोल माणसा,

परवा फोनवर तू विचारलंस, कधी येतेस? मी म्हटलं, बघू. तू म्हणालास, बरं. संपला फोन. दोन महिन्यांसाठी म्हणून मी लेकीकडे आले आणि आता नात बसायला लागली. इथे मला कुणी धरून ठेवलेलं नाही. लेक पूर्वीसारखी कामावर जाते, पोरीला सांभाळायला एक चांगली बाई मिळाली आहे. तरी मी परतायचं नाव काढत नाही, आणि का काढत नाही हे तू विचारत नाहीस. म्हणून हे पत्र. पत्राला नुसतं 'बरं' म्हणून खाली ठेवता येत नाही.

दमले आहे रे. बाई असली तरी दिवसभर पोरीचे कपडे, बाटल्या उकळणं, तिला खांद्यावर टाकून या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. गुडघा तर आता माझं ऐकतच नाही. पण हे दमणं झोपलं की उतरतं. दुसरं एक दमणं आहे, ते मला इथे आल्यावर कळलं, कारण इथे ते नाहीसं झालं. इथे घरात सतत काहीतरी वाजत असतं. जावईबापू भाजी चिरताना रेकॉर्ड लावतात, लेक अंघोळ करताना गाते (कशी ते विचारू नकोस), आणि नात चमचा हाती लागला की जे दिसेल ते बडवते. पहिल्यांदा तिने ताट बडवलं तेव्हा मी दचकून दाराकडे पाहिलं, तू उठून जाशील म्हणून. तू तर इथे नव्हतासच. लेक लहान असताना जेवताना तिने ताटलीवर नुसता ठेका धरला तरी तू घास टाकून उठायचास. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे, बाबांचं डोकं दुखतंय. एका माणसाचं डोकं किती वर्षं दुखावं याला काही मर्यादा?

तिने लग्नाआधीच जावयाला बजावून ठेवलं होतं, की आमच्या बाबांना गाणंबिणं अजिबात आवडत नाही. बिचारा कवळ्या बनवणारा माणूस, दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून घरी येतो, त्याला तेवढाच एक नाद. पण तुझा फोन आला की पळत जाऊन आधी रेकॉर्ड बंद करतो. मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. तोंड उघडावंसं वाटलं नाही असं नाही. पण तू मला शपथ घातली होतीस, आणि मी ती सांभाळली. स्वतःचं गुपित सांभाळायला एवढे कष्ट पडत नाहीत, दुसऱ्याचं सांभाळताना माणूस थकतो.

तर झालं असं, की मागच्या महिन्यात जावईबापू एक नवी रेकॉर्ड घेऊन आले. नवी म्हणजे जुनीच. गिटारवाल्या लंबूची. तो गेल्यावर त्याच्या बहिणीच्या तळघरात टेपांची खोकी सापडली, त्यातल्या एका कार्यक्रमाची ही रेकॉर्ड काढली आहे. स्टुडिओत नटवलेली नाही, त्या रात्री जसं वाजलं तसंच. लंबू म्हणजे आपल्या जावयाचं दैवत, हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी कव्हर माझ्यासमोर धरलं आणि मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. फोटोत सभागृहाचा पडदा होता, उजव्या कोपऱ्यात ठिगळ लावलेला. तिथे तिकिटं विकायचे तेव्हा मी ते ठिगळ इतक्या वेळा पाहिलं आहे की आंधळी झाले तरी ओळखेन. आपलं सभागृह. आपलीच ती रात्र, ड्रम्सवरची तुझी शेवटची.

मला त्यातलं कळत नाही असं तू नेहमी म्हणायचास. नसेल कळत. पण महिनाभर मी ती रेकॉर्ड ऐकते आहे, आणि आता जरा ऐकून घे. पहिल्याच गाण्यात लंबूच्या गिटारची एक तार उतरलेली आहे. तो थांबत नाही, वाजवता वाजवता ती पिळतो, आणि सूर हळूहळू रडका होत होत जागेवर येतो. लोकांना वाटतं हे मुद्दामच, ते टाळ्या वाजवतात. पुढच्या गाण्यात कुणीतरी खोकतं, मागे कुठेतरी खुर्ची आपटते. त्या खुर्च्या तशाच होत्या, उठलं की आपटायच्या. ती आपटलेली ऐकून मला अगदी भरून आलं. मधल्या संथ गाण्यात तर तू जवळजवळ वाजवतच नाहीस. नुसती झांजेच्या कडेला काठी लावतोस, आणि तुझ्या भरवशावर तो निवांत एक सूर धरतो. लांबवतो, आता संपला असं वाटतं, तर त्याच्याच खालून दुसरा काढतो. सभागृहात एवढे लोक, पण टेपवर श्वास घेतल्याचा आवाज नाही. मी पोरीला मांडीवर घेऊन ऐकत होते. तीही गप्प झाली. इतकं सुंदर वाजवायचात रे तुम्ही दोघं. मला त्या वयात हे कळलं नव्हतं, मी फक्त तुझे दंड बघत होते.

आणि मग शेवटचं मोठं गाणं. इथे तू हे पत्र बाजूला ठेवशील. ठेवू नकोस.

खोटं सांगणार नाही. लय पळाली, आणि ती तूच पळवलीस. दुसऱ्या कडव्यानंतर तुला काय झालं कोण जाणे, तू सुटलास. खऱ्या ड्रमवाल्याचं मनगट मोडलं म्हणून त्या दौऱ्यावर तुला बदली घेतलेलं, शेवटची रात्र, आणि इतके दिवस धरून ठेवलेला तू एकदम उधळलास. बासवाला मागे पडतो, तो धडपडतो ते स्पष्ट ऐकू येतं. हे सगळं तू मला सांगितलं होतंस तसंच आहे. तू सांगितलं होतंस की लंबू मागे वळला आणि त्याने तुला शिवी हासडली, आणि लोकांनी हुर्यो उडवली. म्हणून गाणं संपताक्षणी तू काठ्या टाकल्यास आणि विंगेतून निघून गेलास. मी खिडकी बंद करून नुकतीच मागच्या रांगेत येऊन उभी राहिले होते. तुला जाताना पाहिलं आणि मीही बाहेरून धावत मागच्या दाराशी आले. त्यामुळे पुढचं तूही ऐकलं नाहीस, मीही नाही.

शिवी नाहीच आहे तिथे. जावईबापूंचा हेडफोन लावून मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. लंबू माइकपासून लांब आहे, पण आवाज त्याचाच. तो ओरडतो, सोडू नको, सोडू नको! आणि तो हसतोय. पहिले दोन श्वास त्याची गिटार तुझ्यामागे राहते, मग तो तुला गाठतो, आणि पुढे तुम्ही दोघं, शाळा सुटल्यावर पोरं धावतात तसे, सुसाट निघता. ती हुर्यो नव्हे रे. लोक खुर्च्यांवर चढले असणार, खुर्च्यांचा नुसता कडकडाट आहे. जावईबापू दर वेळी इथे सुरी खाली ठेवतात. म्हणतात, आई, हा ड्रमवाला वेडा होता, पण लंबूला असं हसताना मी दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डवर ऐकलं नाही.

मग टाळ्या. बराच वेळ टाळ्या. त्या ओसरल्यावर लंबू धापा टाकत एकेकाची ओळख करून देतो, शेवटी सगळेच देतात तशी. बासवर अमका, कीबोर्डवर तमका. आणि मग म्हणतो, आणि आज ज्याने आपल्याला पळवलं तो, ड्रम्सवर... मध्ये थोडी शांतता. मग, अरे, गेला कुठे हा? लोक हसतात. तो पुन्हा म्हणतो, गेला कुठे? आणि तिथे रेकॉर्ड संपते. कव्हरच्या मागे सगळ्यांची नावं छापली आहेत. तुझ्यापुढे लिहिलं आहे, ड्रम्स : नाव माहीत नाही.

किती दिवस मी त्या ओळीकडे बघत राहिले. मला तुझा भयंकर राग आला, सांगून टाकते. तू थोडा वेळ, अगदी थोडा वेळ त्या स्टुलावर बसून राहिला असतास तर. मग आपल्या घराच्या जिन्यावरची ती दुपार आठवली. लंबू स्वतः आला होता. एवढा उंच माणूस दारात वाकून उभा. तू स्वयंपाकघरात, दाराआड, आणि मी त्याच्या तोंडावर सांगितलं, घरी नाहीत. त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. ओट्यावर दोन कप होते, दोन्हीतून वाफ येत होती. त्याला कळलं असणार. तरी तो म्हणाला, आल्यावर सांगा, मी येऊन गेलो. तू ते आतून ऐकत होतास, मी वेगळं सांगायची गरज नव्हती. पुढच्या आठवड्यात तू लिफ्टच्या कंपनीत चिकटलास, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट अडकल्या की सोडवत राहिलास. लंबू गेल्याची बातमी आली तेव्हा तू पेपरची घडी घातलीस आणि कामावर निघालास. त्या दिवशी तुला सुट्टी होती. मी कधीच काही बोलले नाही, हीच सवय आपल्या दोघांना लागली. तेव्हा कधी येतेस याचं उत्तर मला देता येत नव्हतं, ते यामुळे. मला तुझी आठवण येते, रोज येते. पण त्या घरात परत येऊन पुन्हा तुझी शांतता राखायची, हे आता माझ्याच्याने होत नाही.

काल दुपारी जावईबापूंनी पुन्हा तीच रेकॉर्ड लावली. नात माझ्या मांडीवर, लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी लंबूने विचारलं, गेला कुठे हा? जावईबापू नेहमीप्रमाणे हवेत हात उडवून म्हणाले, खरंच, गेला कुठे असेल? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, लिफ्ट दुरुस्त करायला. मोडली तुझी शपथ. आधी दोघं हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. लेक म्हणाली, बाबा? आपले बाबा? आणि हातातला कपडा तोंडावर धरून रडायला लागली. जावई बिचारे उगाच उठून उभे राहिले, जसा काही तू खोलीत आलास. लेकीने मला एकच विचारलं, मला का नाही सांगितलं? ते उत्तर माझ्याकडे नाही, तुझं तू दे. रविवारी आम्ही सगळे येतो आहोत. हे सांगायलाच पत्र लिहिलं, फोनवर सांगितलं असतं तर तू 'बरं' म्हणाला असतास आणि रविवारी तुला कुठली तरी लिफ्ट आठवली असती. माळ्यावर चादरीत गुंडाळून तू काय ठेवलं आहेस ते मला माहीत आहे, दर वर्षी मीच त्यावरची धूळ पुसते. ते खाली काढ असं म्हणत नाही, वाजव असं तर मुळीच म्हणत नाही. तू फक्त घरी थांब. दार वाजलं की स्वतः येऊन उघड. घरी नाहीत असं सांगायला या वेळी मी आत नाही, मी बाहेर उभी असेन.

जिन्यावर उभी,
तुझीच