डॉक्टरांना मी काय सांगितलं

१७ जानेवारी, दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. टाके सुकले का? जेवण थोडं थोडं, पण वेळेवर घे. मावशी आग्रह फार करते, तिला सरळ नाही म्हण. इथे सगळं ठीक. कारखान्यात पडद्यांची मोठी ऑर्डर आलीय. तुझ्या मशीनवर मी कुणाला बसू देत नाही.

काल तुझ्या गाठीचा रिपोर्ट आणला. सर्जनबाई म्हणाल्या, शरीरात कुठेही मऊ ऊतींमधून अशा गाठी वाढतात, पण लहान आतड्यात फार क्वचित. गाठ पूर्ण निघालीय, कुठे पसरलेली नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची. त्या गाठीनं आतडं आतल्या आत ओढून घेतलं होतं म्हणे. मला कळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कोटाची बाही आत ढकलून दाखवली. बाह्या उलट्यासुलट्या करण्यात माझी तीस वर्षं गेली, तरी ते बघवलं नाही.

वर्षभर तू फिकट दिसायचीस, जिना चढताना धापा टाकायचीस. गाठीतून थोडं थोडं रक्त जात होतं. मी त्याला अंगचोरपणा म्हणत होते.

मावशीचा फोन आला होता. त्या पहिल्या डॉक्टरांविरुद्ध तू तक्रार दिलीस म्हणाली. "इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, साधी सोनोग्राफी केली नाही." मी "बरं केलं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस माझी एकही शिवण सरळ आली नाही.

त्या दिवशीचं तुला अर्धंच माहीत आहे. मला कटिंग मास्टर केलं म्हणून मालकांनी सगळ्यांना चहा दिला आणि तू पोट धरून खाली बसलीस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला पोटदुखी झालीय! माझं काही चांगलं झालं की होतेच." सगळे हसले. तूसुद्धा हसायला बघत होतीस.

त्याच्या तासभर आधी मालक मला म्हणाले होते, "खरं तर आधी बारकीला विचारलं होतं. ती म्हणाली, ताईला द्या." तुझा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण तू मला दिलंस, आणि तेही न सांगता, ते फार लागलं. माझ्या जिभेवर तेच होतं. दवाखान्यातही.

तिथे तू उलटीला आत गेलीस. डॉक्टर मला म्हणाले, "पोट कडक लागतंय. सोनोग्राफी करू, आज इथेच ठेवून घेऊ."

मी म्हणाले, "अहो, काही नको. लहानपणापासून नाटकं आहेत तिची. मनासारखं झालं नाही की पोट धरते."

"नक्की?"

"सख्खी बहीण आहे मी. मला नाही कळणार?"

त्यांनी लिहिलं, 'तपासणीस नातेवाइकांचा नकार', आणि मी खाली सही केली. तू बाहेर आलीस तोवर इंजेक्शन भरून तयार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू बाथरूमच्या दारात कोसळलीस, तेव्हा तुला मोठ्या इस्पितळात नेलं. तोवर हातभर आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. सर्जनबाई म्हणाल्या, "कालच का नाही आणलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दवाखान्यात नेलं होतं, त्या डॉक्टरांनीच परत पाठवलं." मग शुद्धीवर आल्यावर तुलाही तेच सांगितलं. तीन आठवडे तेच सांगत राहिले.

आज सकाळी त्या पहिल्या दवाखान्यात जाऊन सगळं लेखी देऊन आले. ते डॉक्टर तिथेच होते. त्यांनी कागद वाचला. मला वाटलं, आता भडकतील. ते एवढंच म्हणाले, "मी तुमचं ऐकायला नको होतं." त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते.

तक्रारीचं काय करायचं ते तू ठरव. 'माफ कर' असं लिहून दोनदा खोडलं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू लगेच माफ करून टाकशील. तसं करू नकोस. आधी चांगली रागाव. आणि हे पत्र मावशीला वाचून दाखव, तिलाही मी खोटंच सांगितलं होतं.

तुझी, तू म्हणू दिलंस तर,
ताई