दोन उपाशी वाफे

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक हे लिहायचं धाडस होतंय. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मला सरकारच्या एका समितीवर घेतलंय. शेतीवरच्या कुठल्या संशोधनाला सरकारी पैसा द्यायचा आणि कुठल्याला नाही, हे ठरवायचं काम. तुम्ही असता तर म्हणाला असता, "म्हंजी पंच केलं व्हय तुला? घरात भांडायची सवय कामाला आली म्हण की!" खरंच आबा, भांडणंच असतात. पुण्यात एका गार खोलीत आम्ही सहा जण बसतो, पुढ्यात अर्जांची चळत, एकेकाला दहा-दहा मिनिटं. कुणाला कीड हुडकायचं यंत्र पाहिजे, कुणाला काचघर. द्यावंसं सगळ्यांनाच वाटतं आणि पैसा दोघा-तिघांपुरता. एकाला हो म्हटलं की चौघांच्या तोंडचा घास जातो. घरी आल्यावर त्या दिवशी मला जेवण जात नाही.

मागच्या आठवड्यात शिरूरकडच्या कॉलेजातल्या एका पोरीचा अर्ज आला. पाणी देऊन देऊन चोपण झालेल्या, वर मीठ फुटलेल्या रानात लेंड्यांच्या खतासाठी रात्री मेंढरं बसवली तर जमीन सुधारते का, हे तिला बघायचंय. अर्ज उघडताच एक जण म्हणाला, "आता लेंड्यांवर संशोधन!" सगळे हसले. मीही हसले, आबा. आणि लगेच अर्ज पुढं ओढून घेतला. कारण हाच प्रयोग मी केला होता, आपल्या राहू गावच्या रानात, आणि तो कसा झाला ते आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. खालच्या चोपण तुकड्यात चार वाफे आखले. दोनांत मेंढरं बसवायची, दोन तसेच कोरे ठेवायचे, मग चारींत गहू पेरून फरक बघायचा. मेंढरं अर्थात तुमची. तुमची हयातच त्यांच्यामागं गेलेली. भांडगाव, वरवंडपर्यंतचे बागायतदार धान्य देऊन तुमचा कळप रानात बसवून घ्यायचे. "मेंढरू बसलं की रान उठतं," हे तुम्ही ज्याला त्याला ऐकवायचात, पाहुण्यांनासुद्धा, चहा यायच्या आत. मेंढरं बसवून झाली आणि मी आठ दिवस पुण्याला गेले. पेरणीला परत आले तर तुम्ही बांधावर उभे, मिशीतल्या मिशीत हसताय. "समदं कुळवून ठिवलंय. पेर आता." मला काय आनंद झाला होता! गहू चारी वाफ्यांत सारखाच आला. मोजला, तोलला, माती तपासली, सगळं सारखं. मी प्रबंधात लिहून टाकलं की मेंढरं बसवल्यानं फरक पडत नाही. सरांनी पाठ थोपटली.

आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपुढं जेवताय, आणि मी शेवटचं पान मोठ्या ऐटीत मराठीत करून सांगतेय. तुमचा घास हातातच राहतो.

"फरक न्हाई? आगं, चारी वाफ्यांत लेंड्या पडल्यावर फरक कुठनं दिसंल?"

"चारी वाफ्यांत?"

"मग? दोन उपाशीच राह्यलं व्हतं. म्हनलं, गडबडीत इसरली पोर. पीक मार खाल्लं तर सर नापास करत्याल. दिल्या धा-धा पाट्या टाकून."

काय काय बोलले मी तुम्हाला! भाकरी तशीच टाकून उठले. तुम्ही मात्र ताट बाजूला सारून हळूच विचारलंत, "म्हंजी त्ये उपाशी ठेवायचंच व्हतं?" सरांना वर्षभरात जे दिसलं नाही, ते तुम्हाला एका घासात कळलं. मी पुढं कितीएक विद्वान पाहिले, आबा, पण स्वतःची चूक इतक्या लवकर ओळखणारा माणूस नाही पाहिला. सकाळी तुम्ही धुतलेला सदरा घालून, फेटा बांधून दारात. "चल पुण्याला. सायबाला सांगतो, चूक माझी हाय, पोरीची न्हाई." मीच तुमचा हात धरला. "नका आबा, पदवी जाईल माझी." तुम्ही फेटा सोडलात आणि मेंढरांकडं गेलात. रान उठण्याची ती म्हण त्यानंतर तुमच्या तोंडून कधी ऐकली नाही. लेकीचं लिहिलेलं खोटं पडू नये म्हणूनच ना? तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. आज फार वाटतं, विचारायला हवं होतं.

तर समितीत एकानं माझाच प्रबंध काढला. "यावर काम झालंय. मॅडमनी स्वतः सिद्ध केलंय, फरक पडत नाही. पुन्हा पैसा कशाला?" सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ! समोर त्या पोरीचा अर्ज. 'अपेक्षित निष्कर्ष' या रकान्यात प्रत्येकानं मोठमोठी आश्वासनं दिलेली, आणि हिनं लिहिलेलं, 'आत्ता सांगता येत नाही.' अख्ख्या चळतीत तेवढंच एक मला खरं वाटलं. मी गप्प बसले असते तर माझ्या एका खोट्या ओळीनं तिचं काम बंद पडलं असतं. मी पाणी प्यायले आणि बोलले. म्हटलं, तो प्रयोग फसलेला आहे, कोऱ्या वाफ्यांत खत पडलं होतं, मला ठाऊक होतं आणि मी लपवलं. मग थोडी चर्चा झाली आणि पोरीला पैसे मंजूर झाले.

तुम्हाला एवढंच सांगून थांबणार होते. पण अध्यक्षांनी मध्ये विचारलं होतं, "खत टाकलं कुणी?" मी म्हणाले, "शेतावरच्या एका गड्यानं."

"अडाणी असतात हो ही माणसं," ते म्हणाले. "डोक्यावर उभं राहावं लागतं त्यांच्या."

आणि आबा, मी मान डोलावली.

हे आज आईला वाचून दाखवणार होते. आता नाही दाखवत.