झाकण सापडेपर्यंत

३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.
नवी वही. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, डायरीत खोटं लिहू नये, देव वाचतो. म्हणून पहिल्याच पानावर खरं ते लिहून टाकते. यंदा माझा फोटो भिंतीवर लागणार.
आमच्या फोटो मंडळात सभासद चौदा. वाचनालयाच्या भिंतीत खिळे दहा. अकरावा खिळा ठोकू देत नाहीत, प्लास्टर पडतं म्हणे. त्यामुळे दरवर्षी प्रदर्शनात चौघेजण रिकाम्या हातांनी उभे राहतात आणि बाकीच्या दहांना छान, छान म्हणतात. गेली दोन वर्षं मी छान म्हणते आहे. जाऊबाईंना दोन्ही वर्षी बोलावलं होतं. दोन्ही वर्षी त्यांनी भिंतीवरून दोनदा नजर फिरवली आणि विचारलं, तुझा कुठला गं?
निश्चय:
रोज एक फोटो.
कॅमेरा मॅन्युअलवर. ऑटो हा आळशांचा मार्ग.
लेन्सचं झाकण हरवायचं नाही.

४ ऑक्टोबर.
रोज एक फोटो उद्यापासून. बॅटरी चार्जिंगला आहे.

६ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी.
मॅन्युअलवर बारा फोटो. खिडकीतली कुंडी. बाराही काळे. ह्यांना दाखवले. हे म्हणाले, कुंडी कुठाय? म्हटलं, हा मूड आहे. हे म्हणाले, बरं.
आमचे हे वजनमापे खात्यातून निवृत्त झाले. एकतीस वर्षं तराजू तपासले. त्यांना मूड कुठून कळणार! मी कोर्टात टायपिस्ट होते. छत्तीस वर्षं की-बोर्डकडे न बघता टाइप केलं, एक चूक नाही. हात आणि कलावृत्ती यांचं नातं फार जवळचं असतं.

१० ऑक्टोबर, रविवार.
मंडळाची शिकवणी. डॉक्टर हे आमचे अध्यक्ष, मूळचे दातांचे. बंद केलेल्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये आम्ही जमतो. भिंतीवर अजून कीड लागलेल्या दाढेचं चित्र आहे. आजचा धडा अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते. डॉक्टर प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात डोकावून म्हणत होते, उघडा, अजून उघडा, घाबरू नका. दोघांनी तोंडं उघडली.
थेंबवालीने पानावरच्या थेंबाचा फोटो दाखवला. थेंबात आख्खं घर उलटं दिसत होतं. सगळे अहाहा करत होते. ती गेली तीन वर्षं थेंबच काढते. मी मनापासून कौतुक केलं. घर उलटं आलंय, एवढंच निदर्शनास आणून दिलं.
झाकण खुर्चीखाली सापडलं. ह्यांनी शोधलं.
मला व्ह्यूफाइंडरमधून बघताना चष्मा टोचतो. म्हणून तो पिशवीत असतो आणि पिशवी ह्यांच्याकडे. पिशवीत ट्रायपॉड, छत्री, पाण्याची बाटली, माझं स्वेटर, कॅमेऱ्याचं पुस्तक. हे पिशवी हातात तोलून म्हणाले, सव्वातीन किलो. मी म्हटलं, छे, दीडच्या वर नाही. हे पिशवी खांद्याला लावून निघाले.

१३ ऑक्टोबर.
आज फोटो नाही, पण फोटोचाच विचार. माळ्यावरून बाबांचा अल्बम काढला. बाबांकडे बॉक्स कॅमेरा होता. तो पोटाशी धरून, खाली मान घालून ते म्हणायचे, हलू नका, आणि आम्ही हलायचो. अल्बममध्ये आईचे एकोणीस फोटो आहेत. त्यातल्या चारांत तिला डोकं आहे. बाकीच्यांत मानेपासून खाली आई. वाटाणे सोलणारी आई, माझी वेणी घालणारी आई, दोरीवर चादर टाकणारी आई.
बाबांची नजर माझ्यात उतरली आहे, यात शंका नाही.

१८ ऑक्टोबर.
रोज एक फोटो हा निश्चय रद्द. संख्येने कला मरते.

२४ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.
मोठा दिवस! पहाटेच बागेत गेलो. धुकं. तळ्याकाठी रिकामा बाक. पाहताक्षणी शीर्षक सुचलं: प्रतीक्षा. कल्पना कुणालाच सुचली नसणार.
गवत ओलं होतं, म्हणून ह्यांचा जुना रेनकोट मी घातला. पायापर्यंत येतो. वर ह्यांचीच कानटोपी. हे थोडे कुडकुडत होते, पण कलेसाठी कुणालातरी कुडकुडावंच लागतं.
बाकाचे त्रेसष्ट फोटो. मध्येच झाकण गवतात पडलं. ह्यांच्या हातात कॅमेरा दिला, म्हटलं झाकण सापडेपर्यंत नुसता धरा, कशालाही हात लावू नका. गुडघ्यांवर बसून पंधरा मिनिटं चाचपडले. चष्मा नव्हता ना. सापडलं शेवटी. गुडघे गेले कामातून. हे एकदाही वाकले नाहीत. पुरुष.

२ नोव्हेंबर, मंगळवार.
घरी चष्मा लावून निवड केली. फोटो नंबर ४७१. यात धुकं बरोबर बाकाच्या पाठीशी टेकलंय. जाऊबाईंना फोन केला, अठ्ठावीस तारीख मोकळी ठेवा. त्या म्हणाल्या, यंदा तरी खिळा मिळाला का? म्हटलं, मिळाल्यातच जमा.
मग फोटो स्टुडिओ. मंडळाचा नियम असा की प्रत्येकाने मेमरी कार्ड आणि नंबर तिथे द्यायचा. प्रिंट बंद पाकिटातून थेट डॉक्टरांकडे जाते. नाव मागच्या बाजूला. म्हणजे निवडीच्या दिवशी कुणाचा फोटो कुठला हे कुणालाच कळत नाही आणि भीडभाड न ठेवता बोलता येतं. फॉर्म मी न बघता भरला. पिशवी बाहेर होती, ह्यांच्याकडे. ब्लॅक अँड व्हाइट या चौकोनात खूण केली. खरी फोटोग्राफी तीच.

१४ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.
निवड झाली. क्रमाने लिहिते.
दोरीवर चिमट्यांनी चौदा प्रिंट टांगलेल्या, खाली आकडे. हे नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर, पिशवी मांडीवर. माझा बाक मी लगेच ओळखला. तीन नंबर. पांढुरकं, शांत. चष्म्याची गरज पडली नाही.
चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एका फोटोवर बोलायचं. मला नऊ नंबर आला. राखाडी गवत आणि मधोमध पडलेलं एक पोतं. मी स्पष्ट बोलले. म्हटलं, विषय काय निवडावा याला काही मर्यादा? जगात फुलं आहेत, तळी आहेत, आणि हे महाशय पोत्याचा फोटो काढतात!
केमिस्ट, जे एरवी फक्त पक्षी काढतात, हळूच म्हणाले, बाई, ते पोतं नाही. ती बाई आहे. ओणवी होऊन काहीतरी शोधते आहे.
म्हटलं, मग तर जास्तच वाईट. बाईमाणसाला कुणी असं मागून काढतं? तिला विचारलं तरी होतं का? तोंड दिसत नाही, डोकं दिसत नाही, नुसता पसारा. आणि या वयात असं ओणवं व्हावं कशाला माणसाने!
कुणी हसलं नाही. थेंबवाली म्हणाली, मला मात्र हा बघताना गलबलून येतं. ती बाई किती मनापासून शोधते आहे बघा. एक तळवा वर झालाय, सपाता निसटल्यात, तिला भान नाही. आणि काढणाऱ्यालाही घाई नाही. तो नुसता थांबलाय.
मला थेंबवालीची कीव आली.
मग हात वर. नऊ नंबरला तेरा हात. चौदावा माझा, तो मांडीवर होता. तीन नंबरला दोन. त्यातला एक माझा.
मग डॉक्टरांनी प्रिंट उलटून नावं वाचली. तीन नंबर, केमिस्ट. बाक नव्हताच. बगळा होता. नऊ नंबर, मी.
डॉक्टर म्हणाले, स्वतःच्या कामावर इतकी निर्दय टीका करणारा सभासद मी पाहिला नाही, टाळ्या. टाळ्या झाल्या. मी उठून म्हटलं, कलावंताने अलिप्त असावं.

त्याच दिवशी, दुपारी ४.
बाहेर येऊन आधी चष्मा घेतला. प्रिंट पाहिली. रेनकोट ह्यांचा. सपाता माझ्या.
फॉर्मची कार्बन कॉपी पाहिली. ४१७ लिहिलंय. फॉर्म नीट छापलेला नव्हता.
ह्यांना विचारलं, बटण दाबलंत? हे म्हणाले, एकदाच.

१६ नोव्हेंबर.
शांतपणे विचार केला. कॅमेरा माझा. कार्ड माझं. अपर्चर, शटर स्पीड सगळं मी लावलेलं. बागेत जायची कल्पना माझी. शिवाय फोटोतलं मुख्य काम मीच करते आहे. ह्यांचं बोट फक्त. तराजू कुणी धरला म्हणून धान्य त्याचं होत नाही. हे ह्यांनाच पटायला हवं.
बोलले नाही अजून.

१९ नोव्हेंबर.
फोटोंखालच्या नावांच्या पट्ट्या टाइप करण्याचं काम डॉक्टरांनी माझ्याकडे दिलं. दहाही टाइप केल्या. न बघता.
हे मागून आले, वाचल्या, म्हणाले, सुबक झाल्यात. आणि चहा ठेवायला गेले. काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर.
गुडघा दुखतो. डावा. हे रोज तेल गरम करून देतात. हल्ली त्यांचं असं वागणं मला खटकतं.
बाकाचे त्रेसष्ट फोटो चष्मा लावून पुन्हा पाहिले. सगळ्यांत वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा पट्टा लोंबतोय. ४७१ मध्ये जरा कमी.

२८ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६.
प्रदर्शन झालं.
पाचवा खिळा. मधोमध. खाली माझं नाव. जाऊबाई वेळेवर आल्या, थेट फोटोपाशी गेल्या. बराच वेळ बघितला. म्हणाल्या, तूच की गं ही! मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, तुमच्या माहेरच्या फोटोंत बायकांना डोकं नसतंच. म्हटलं, ती आमची शैली आहे.
तेवढ्यात थेंबवाली आली. ती साधी आहे, कपट नाही तिच्यात. तिने सरळ विचारलं, तुम्ही फोटोत आहात तर मग काढला कसा? मी म्हटलं, सेल्फ टायमर. केमिस्टनी विचारलं, दहा सेकंदांचा की दोनचा? मी म्हटलं, पंधरा मिनिटांचा.
बाजूला हे उभे, हातात पिशवी. थेंबवाली त्यांच्याकडे वळली, तुम्हाला कसा वाटला हो फोटो?
हे फोटोकडे बघत म्हणाले, झाकण तिच्या डाव्या गुडघ्याखालीच होतं. मला पहिल्यापासून दिसत होतं.
जाऊबाई खवळल्या. म्हणाल्या, अहो भावोजी, मग सांगायचं नाही का? बिचारीचे गुडघे गेले!
हे म्हणाले, सांगितलं असतं तर उठली असती.
जाऊबाईंनी पर्समधून रुमाल काढला. त्यांना सर्दी असते.
मला एकदम बाबा आठवले. पोटाशी कॅमेरा धरून, हलू नका म्हणणारे. आईला डोकं का नसायचं, ते मला आज कळल्यासारखं वाटलं. ते तिच्या हातांकडे बघत असावेत.
मी ह्यांच्या खिशातलं पेन काढलं, पट्टीवरचं माझं नाव खोडलं आणि वर ह्यांचं लिहिलं. सगळ्यांना सांगितलं की टायपिंगची चूक होती. छत्तीस वर्षांत पहिलीच. कधीतरी व्हायचीच.
मग इतर नऊ फोटोंना छान, छान म्हणून आले. सवय आहे.

३० नोव्हेंबर.
डॉक्टरांचा फोन. मला वाटलं, समजूत घालायला. ह्यांना द्या म्हणाले. हे आता पंधरावे सभासद.
कॅमेरा एकच आहे, असं मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आलटून पालटून वापरू. पहिला रविवार तुझा. मी म्हटलं, नको, तुमचा. माझा गुडघा दुखतोय.

५ डिसेंबर, रविवार. सकाळी १०.
बागेत मंडळाची सहल. ह्यांच्या गळ्यात कॅमेरा. ऑटोवर. मी काही बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, उघडा, अजून उघडा. ह्यांनी तोंड उघडलं.
पिशवी माझ्याकडे होती. चष्मा हाताशी, म्हणून लावला. हे तळ्याकाठी वाकून गवतातल्या कुठल्याशा किड्याचा फोटो काढत होते. मागून त्यांचं टक्कल, खांद्यावर उसवलेली शिवण. ही शिवण मला कधी दिसली नव्हती. मग ते उठले, खिसे चाचपले, पुन्हा वाकले आणि गवतात हात फिरवू लागले. झाकण त्यांच्या उजव्या बुटाला टेकून पडलं होतं. मला स्पष्ट दिसत होतं.
हाक मारणार होते. नाही मारली. कॅमेरा मात्र त्यांच्याच गळ्यात होता.
थोड्या वेळाने हात भरून आला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सव्वातीन किलो नक्की असेल.