बसून ऐकायचा रेडिओ

अकोला,
२० मार्च १९६३

प्रिय श्रावणभाऊ,
सप्रेम जय भीम.

पत्राच्या डोक्यावर जय भीम लिहीत जाऊ नकोस, असं तू मागे कळवलं होतंस. लिहिलं आहे. पाकिटाच्या आत आहे, बाहेर नाही. बाहेर तू सांगितलंस तेच नाव टाकलं आहे, तेव्हा घाबरू नकोस.

इकडे सगळे खुशाल. माझ्या चौथीच्या पोरांची परीक्षा तोंडावर आली आहे आणि त्यांच्यापेक्षा मलाच जास्त धास्ती आहे. हे तेलाच्या गिरणीत फिटर आहेत तसेच आहेत. शेजारच्या केशरबाई रोज विचारतात, "तुया भाऊ मेला का जिता हाये वं?" मी सांगते, अमरावतीला रेडिओच्या दुकानात मोठा कारागीर आहे.

आता कामाचं. मी रेडिओ बनवला आहे.

हसू नकोस. तू गेलास तेव्हा ट्रंकेत तुझी वही राहिली, रेडिओच्या जोडणीचा नकाशा राहिला, ट्रान्सफॉर्मर आणि दोन व्हॉल्व राहिले. सहा वर्षं मी ती ट्रंक नुसती पुसत होते. या हिवाळ्यानंतर उघडली. बाकीचे भाग जुन्या बाजारातून एकेक करून जमवले. ज्या पत्र्याच्या बैठकीवर सगळे भाग बसतात ती चासी ह्यांनी कापून, भोकं पाडून दिली आणि तिला चकचकीत निळा रंग दिला, आतून बाहेरून, दोन दोन हात. कथलाचा प्रत्येक डाग मात्र माझा आहे. तू डाग देत होतास तेव्हा कंदील कोण धरत होतं? मी नुसता कंदीलच धरते असं तुला वाटायचं. मी बघतही होते.

तर तो रेडिओ सुरू होत नाही.

बटण दाबलं की पाचही व्हॉल्व लाल होतात. काट्यामागचा दिवा लागतो. आवाज म्हणशील तर काही नाही. गाणं राहू दे, साधी खरखरसुद्धा नाही. सगळे डाग मी पुन्हा दिले. स्पीकरला टॉर्चचा सेल लावून पाहिला, टक्क वाजतो, म्हणजे तो ठीक आहे. व्हॉल्व इथल्या एका दुकानात तपासून आणले, ते ठीक. मग अडतं कुठे? तुला घरबसल्या कळेल. लिही.

घाई अशासाठी की आपल्या वस्तीतल्या वाचनालयात वीज आली आहे. चौदा एप्रिलला, जयंतीला, आपल्या वाचनालयात आपला रेडिओ वाजेल, असं मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगून बसले. माणसं हसली. केशरबाई म्हणाल्या, "दुर्गे, चूल पेटवतं तसा रेडिओ पेटवून राहिली काय वं?" मी म्हटलं, पेटवूनच दाखवीन. आता नाही वाजला तर खुशालरावांचं हॉटेल आहेच, आणि हॉटेलासमोरची नाली आहेच. ती नाली तुला सांगायला नको.

आईबद्दल आज काही लिहीत नाही.

उत्तर लवकर दे.
दुर्गा


अकोला,
४ एप्रिल १९६३

श्रावणभाऊ,
जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. खाली सही नाही, पण अक्षर मला ओळखू येतं. चार ओळी लिहिल्यास: सेट घेऊन दुकानात ये, गिऱ्हाईक म्हणून ये, ओळख दाखवू नकोस, आणि हे बायकांचं काम नव्हे.

ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "जाऊन येऊ ना. आपल्याले कामाशी मतलब." मी म्हटलं, नाही. त्यावरून आमचं भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला, मी तरी नाहीच म्हटलं.

तू दुसरं आडनाव लावून खोली घेतलीस, नोकरी धरलीस. खऱ्या आडनावाला कोणी खोली देत नव्हतं, तू तीन महिने स्टेशनवर झोपलास, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही. ह्यांनीही छप्पन साली नाव बदललं, दगडूचे धर्मपाल झाले. पण ते चारचौघांत, मोठ्यानं सांगून. तरी मी तुझी तुलना केली नाही. पोट सगळ्यांना आहे.

पण गेल्या डिसेंबरात मी तार केली. आई सीरियस, ताबडतोब ये. ती तारसुद्धा मी त्याच आडनावानं केली, माझ्या हातानं फॉर्म भरून. तू आला नाहीस. नंतर लिहिलंस की तार आली तेव्हा मालक शेजारीच होते, कोण आजारी आहे असं त्यांनी विचारलं, आणि तू म्हणालास, दूरच्या ओळखीची एक बाई.

भाऊ, मी ते पत्र चुलीत घातलं. आजही आठवलं की माझं डोकं भणभणतं. जाईबाई खंडारे तुझ्या दूरच्या ओळखीची?

छप्पनचा सहा डिसेंबर आठव. सगळी वस्ती नालीच्या अलीकडे उभी होती, कारण पलीकडे आपण यायचं नाही. खुशालरावांच्या रेडिओवर बाबासाहेब गेल्याची बातमी लागली. नीट ऐकूही आली नाही तोच त्यांनी रेडिओचा कान पिरगाळून गाणं लावलं. आईचे पाय सुजलेले, ती तशीच उभी राहिली, बातमी पुन्हा लागेल म्हणून. घरी येऊन तुला म्हणाली, "श्रावण, आपला रेडिओ बनव. मले बसून आयकाचं हाये." त्यासाठी तू ती वही घेतलीस. त्यासाठी मी कंदील धरला. ती शेवटपर्यंत विचारत होती, श्रावणचा रेडिओ झाला का.

तेव्हा मी गिऱ्हाईक म्हणून येणार नाही. हा रेडिओ अनोळखी माणसाच्या टेबलावर जाणार नाही. नाही वाजला तर चौदा तारखेला मुका का होईना, सगळ्यांसमोर मांडीन, आणि हसणाऱ्यांना हसू देईन.

तुला यायचं असेल तर तू ये. भाऊ म्हणून ये.

दुर्गा


अकोला,
१५ एप्रिल १९६३

श्रावणभाऊ,
जय भीम.

वाजला!

तू आला नाहीस, पण तुझी वही कामी आली. तिच्या पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस, "अंदाज करू नये. सेल आणि बल्ब घेऊन एकेक जोड तपासावा." मी टॉर्चचा बल्ब घेतला, सेल घेतला, दोन वायरी जोडल्या आणि अकरा तारखेला शाळेतून आल्यावर बसले. दोन्ही वायरींची टोकं जोडाला लावली की बल्ब लागतो, म्हणजे जोड चांगला. सगळे लागत गेले. मग परतीच्या वायरी जिला जोडतात त्या, चासीला स्क्रूनं बसवलेल्या पट्टीवर एक टोक ठेवलं, दुसरं चासीवर. बल्ब लागेना. दुसरी पट्टी, तेच. तिसरी, तेच. चासीच्या कोपऱ्यात खिळ्यानं रंग उडाला होता, सहज दोन्ही टोकं तिथं टेकवली, तर लख्ख लागला.

कळलं ना तुला? नकाशात विजेचे परतीचे सगळे रस्ते चासीतून जातात. आमच्या पट्ट्या पत्र्यावर नव्हत्याच, त्या रंगावर बसल्या होत्या. भोकांच्या कडासुद्धा ह्यांनी रंगवलेल्या. दुसऱ्या कोणी पत्रा उघडाच ठेवला असता. पण जयंतीला आपल्या वाचनालयात ठेवायची वस्तू, ती निळी नसेल हे ह्यांना कसं चालेल!

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "म्हंजे निळा रंग खरडून काढाचा?" मी म्हटलं, फक्त स्क्रूखाली, चवलीच्या नाण्याएवढा. कानशीनं तेवढं घासलं, पट्ट्या पुन्हा घट्ट केल्या. बाकी रंग जिथल्या तिथं आहे, एक ओरखडा नाही.

बटण दाबलं. आधी घूं आलं. मग एक माणूस नागपूरहून हवामान सांगायला लागला. उद्या आकाश निरभ्र राहील. केशरबाई ओरडल्या, "बोलला वं, बोलला!" आणि ढसाढसा रडल्या. मी पण रडले. हे मात्र हवामान लक्ष देऊन ऐकत होते, जसं काही त्यांना उद्या पेरणी करायची आहे.

काल वाचनालयात सतरंज्या कमी पडल्या. पुढच्या रांगेत मी आईची गोधडी अंथरली होती. तिच्यावर कोणी बसलं नाही, कोणाला सांगावंही लागलं नाही.

आणि ऐक. बातम्या लागायच्या सुमारास खुशालराव आले. खरंच. दाराबाहेर उभे राहिले, चपला घालून, हात मागे बांधून. ह्या बाईनं केलेला रेडिओ बघायला आले असतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून दारात गेले आणि म्हटलं, "आत या."

"नाई बाई, उभाच बरा हावो मी."

"इथं उभ्यानं आयकाची पद्धत नाही. आयकाचं असन तर आत येऊन बसा."

मग त्यांनी चपला काढल्या आणि वस्तीतल्या माणसांच्या मध्ये, सतरंजीवर बसले. मी आवाज मोठा केला. बातम्या संपेपर्यंत ते बसून ऐकत होते.

आता एकच काम राहिलं आहे. रेडिओच्या मागच्या फळीवर ह्यांनी पांढऱ्या रंगानं लिहिलं, "बनवणारी: दुर्गा धर्मपाल सिरसाट." त्याखाली लिहिलं, "नकाशा:" आणि मला विचारलं, पुढं काय लिहू? मी कुंचला काढून घेतला. ती जागा कोरी ठेवली आहे. पाकिटावरचं नाव मी तिथं लिहू देणार नाही, आणि खरं नाव मी तुझ्यावतीनं लिहिणार नाही. ते तुझ्या हातानं लिहायचं. रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवलं आहे, पण असा रंग किती दिवस टिकतो ते तुला माहीत.

पाकिटावर यावेळीही तेच आडनाव टाकते. तुझी नोकरी मी घालवणार नाही. पण गोधडीवरची जागा जाईबाईच्या मुलासाठी आहे, दुसऱ्या कोणासाठी नाही. आलास तर तिच्यावर बस.

श्रावण देवमन खंडारे याची सख्खी बहीण,
दुर्गा